मे महिन्याचं पाणी, जुलैचं ऊन

लांजा तालुक्यातल्या एका वाडीबाहेरचे ५२ गुंठे. विजेचा शेवटचा खांब साडेसातशे मीटर मागे, नळपाणी वाडीपर्यंत, तिथून पुढे बैलगाडीची वाट. अशा जागेवर तीन माणसांना बाराही महिने राहता येईल आणि कर्ज काढावं लागणार नाही, असं घर आम्हाला उभं करायचं होतं. सगळं मिळून दोन वर्षं गेली. बांधकामाचे त्यातले जेमतेम सात महिने. उरलेला काळ मोजण्यात, कागदांत आणि पावसाळा सरण्याची वाट बघण्यात गेला.

कोकणात वीज-पाण्याची स्वतःची सोय करायची तर अडचण एकच आहे. पाणी पडतं तेव्हा ऊन नसतं, ऊन तापतं तेव्हा पाणी नसतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावांत एप्रिलला टँकर येतो तो त्यामुळेच. म्हणून पाण्याचा प्रत्येक आकडा मे महिन्याचा धरायचा आणि विजेचा जुलैचा. वर्षाच्या सरासरीवर आखलेली सोय इथे वर्षातून दोनदा कोलमडते.

जमीनही याच दोन महिन्यांत बघावी. मध्यस्थ दिवाळीनंतर फिरवतात. तेव्हा पऱ्या खळखळत असतो, सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, गवत हिरवं असतं आणि सगळ्याच जागा आवडतात. मे महिन्यात शेजारच्या विहिरींत डोकवावं आणि जुलैत त्याच वाटेने गाडी घालून बघावी. सोबत पहार न्यावी. दहा-बारा ठिकाणी मारून बघितलं की माती किती आणि कातळ कुठे ते कळतं. वीतभर मातीखाली पहार खणकन वाजली तर तिथे झाड लावायलाही ब्रेकर लागणार. आमच्या ५२ गुंठ्यांत साधारण १८ गुंठे असा कातळ निघाला. सातबारावर तो पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून आधीच लिहिलेला होता. घर, टाकी आणि पॅनेल त्यावर घेतली, माती झाडांसाठी सोडली.

कागदांचं थोडक्यात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं (कुळकायदा १९४८, कलम ६३). स्वतःच्या किंवा घराण्याच्या सातबाऱ्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये लिहितात, म्हणजे ५२ गुंठे तिथे ०.५२.६० दिसतात. शेतघराच्या परवानगीसाठी किमान ०.४ हेक्टर लागतं, त्यामुळे ३०-३५ गुंठ्यांचा स्वस्त तुकडा पुढे महागात पडतो. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना शब्दन् शब्द वाचावा. कुळाचं नाव, ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’, खाजगी वनाची किंवा वन अधिनियमाच्या कलम ३५ ची नोंद यांपैकी काहीही दिसलं तर वकिलाने लेखी मोकळं केल्याशिवाय इसार देऊ नये. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या पट्ट्यातली बरीच गावं पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. त्याने साधं घर अडत नाही, पण शेजारी चिऱ्याची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) खाण निघेल का हे त्यावर ठरतं, म्हणून यादी बघून ठेवावी.

कोकणातला खरा घोळ सामाईक सातबाऱ्याचा. एका गटावर सतरा नावं, त्यातली अकरा मुंबईत, दोन मयत आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. ‘काकांचा शब्द आहे’ यावर व्यवहार होत नाही. आधी वारसनोंदी, मग सरस निरस वाटप (जमिनीच्या प्रतीनुसार वाटणी) किंवा सगळ्यांच्या सह्या, आणि बहिणींच्या सह्याही. खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतींना १५ दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोवर जागेवर चिराही टाकू नये.

मोजणी खरेदीच्या आधी करून घ्यावी, विकणाऱ्याच्या अर्जावर. भूमी अभिलेखचा मोजणीदार हद्दी दाखवतो तेव्हा चारही बाजूंचे लगतचे जमीनमालक हजर हवेत, नाहीतर पुढे प्रत्येक गडगा (दगडी कुंपण) वादाचा होतो. ‘क’ प्रतीवर (मोजणीच्या नकाशावर) वाट दाखवली आहे का तेही तेव्हाच बघावं. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. मात्र खरेदीखतातच ‘जाण्या-येण्याचा व वाहनाचा हक्क’ लिहून घेणं शंभर पटीने स्वस्त.

वीज ओढायची की नाही, हा निर्णय खांबांच्या संख्येवर सोडावा. दोन-तीन खांबांत काम होत असेल तर सरळ जोडणी घ्यावी. स्वतःची वीज म्हणजे स्वतःची देखभाल, आणि हौस दुसऱ्या पावसाळ्यात उतरते. आमच्या वाटेला पंधरा-सोळा खांब येत होते, मध्ये दुसऱ्यांच्या बागा, म्हणजे त्यांचीही संमती. तिथे सौर स्वस्त पडलं. घरगुती छतासाठीचं सूर्यघर योजनेचं अनुदान वाहिनीला जोडलेल्या संचालाच मिळतं, ते हिशोबात धरू नये.

आता पाणी. जागेत आठ फूट व्यासाची जुनी विहीर होती. ‘बारमाही आहे’ हे वाक्य कोकणात प्रत्येक विहिरीबद्दल ऐकायला मिळतं. त्याची परीक्षा अशी: मेच्या दुसऱ्या आठवड्यात पंप लावून पाणी एक मीटर खाली आणायचं, काठावरून गाठ मारलेली दोरी सोडून पातळी लिहायची आणि दर दोन तासांनी पुन्हा मोजायची. आठ फुटी विहिरीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण ४७ लिटर. आमची विहीर १२ तासांत ३० सेंटीमीटर चढली, म्हणजे १,४०० लिटर. दिवसाला २,८०० धरले आणि त्यातले निम्मेच वापरायचे असं ठरवलं. तीन माणसांना धुण्या-आंघोळीला दिवसाला १८० लिटर पुरतात. उरलेलं झाडांना. विहीर सामाईक असेल तर हिस्सा खरेदीखतात आणि सातबाऱ्यावर दोन्हीकडे यायला हवा.

बोअर मारायचा मोह टाळला. इथे वर जांभा, खाली शेडी, त्याखाली काळा पाषाण. शेडी म्हणजे पांढरट-पिवळी लोण्यासारखी माती. बोअरमध्ये ती ढासळते आणि पाणी दुधाळ होतं. केसिंग (बोअरला आतून आधार देणारा पाइप) शेडी ओलांडून पाषाणात घट्ट बसेपर्यंत उतरवावं लागतं, आणि दर फुटाचा भाव सांगणारा गाडीवाला केसिंगचा भाव शेवटी सांगतो.

पिण्याचं पाणी छतावरून घेतलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या छपराचं, वळचणीसकट, जमिनीवर पडणारं माप साडेदहा बाय साडेसात मीटर, म्हणजे ७९ चौरस मीटर. गळती-उडती वजा जाता मिलिमीटरमागे ६७ लिटर. वर्षाचे दोन लाख लिटर होतात, पण ते ठेवणार कुठे? गरज मोजली: स्वयंपाक-पिण्याला माणशी १२ लिटर, तीन माणसं, मध्य ऑक्टोबर ते १० जून असे २४० दिवस, एकूण ८,६४० लिटर. पाहुणे धरून १२,००० ची टाकी. ती भरायला १८० मिलिमीटर पाऊस लागतो आणि जुलैत तो दोन-तीन दिवसांत पडतो. म्हणून घाई करायची नाही. जूनचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुऊ द्यायचं. जुलै-ऑगस्ट भरत-वापरत राहायचं, ऑगस्टअखेर टाकी उपसून घासायची आणि सप्टेंबरच्या पाण्यावर शेवटची भरून झाकण लावायचं.

टाकी फेरोसिमेंटची केली. आतून व्यास अडीच मीटर, उंची अडीच मीटर. खाली १० सेंटीमीटरचा काँक्रीट तळ, त्यातूनच वर आलेल्या ६ मिमीच्या उभ्या सळ्या १५ सेंटीमीटरवर, तेवढ्याच अंतरावर आडवी कडी, आणि आतून-बाहेरून कोंबडीजाळी तारेने शिवलेली. भिंतीची जाडी फक्त चार ते साडेचार सेंटीमीटर. एकूण सिमेंट १८ ते २० गोणी लागतं. तीन गोष्टींवर टाकी टिकते किंवा जाते. पहिली वाळू: खाडीची वाळू स्वस्त मिळते पण तिच्यातलं मीठ जाळी खातं, नदीची नाहीतर क्रशसँड, चाळून. दुसरी पाणी: एका सिमेंटला तीन वाळू आणि एका गोणीला २० ते २२ लिटर पाणी. गवंड्याला हा माल ‘सुका’ वाटतो आणि पाठ फिरली की तो बादली ओततो. पातळ माल भिंतीवर छान पसरतो आणि वाळल्यावर केसासारख्या चिरा देतो. त्यामुळे माल कालवण्याच्या जागेवर मापाची बादली धरून आमच्यातला एक जण उभा राहिला. गवंडी दिवसभर रुसला होता, टाकी मात्र झिरपत नाही. तिसरी गोष्ट तळ आणि भिंतीचा सांधा. तिथे आतून आणि बाहेरून मालाचा तळहाताएवढा गोल वाटा मारून कोपरा बुजवायचा. गळती लागली तर निम्म्या वेळा ती इथूनच असते. भिजवणी चौदा दिवस, गोणपाट गुंडाळून. मे महिन्यात दुपारी दोनदा पाणी मारावं लागतं, कारण चार सेंटीमीटरची भिंत तासाभरात कोरडी होते.

पन्हळीला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार. टाकीच्या आधी चार इंची पाइपाचा सहा मीटर लांब उभा-आडवा तुकडा, खाली बूच. त्यात पहिल्या सरीचं ५० लिटर गढूळ पाणी अडकतं आणि मग पुढचं टाकीत जातं. बूच प्रत्येक मोठ्या सरीनंतर उघडायचं असतं, हे विसरलं की सगळी व्यवस्था म्हणजे एक लांब पाइप. हवेच्या आणि वाहून जाण्याच्या तोंडाला डासजाळी, आत अजिबात उजेड नाही. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, तीही आधी बादलीत विरघळवून, निवळी तेवढी ओतायची.

या टाकीपायीच छपराला कौलं घातली नाहीत. मंगलोरी कौल दिसायला देखणं आणि घर थंड ठेवणारं, पण त्यावर शेवाळ धरतं, दरवर्षी परतणी लागते आणि माकडं एका उडीत चार फोडतात. रंगीत पत्रा, अर्धा मिलिमीटर, खाली लाकडी फळ्यांचं छत आणि मध्ये वारा खेळायला वीतभर जागा. पावसाचा आवाज होतो. त्याची सवय होते.

घर नऊ बाय सहा मीटर, चिऱ्याचं. १४ × ९ × ७ इंचाचा चिरा, नऊ इंची भिंतीला चौरस मीटरमागे १५ नग. भिंती आणि मधली एक, दारं-खिडक्या वजा करून ८५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,३००, पाया-जोत्याला पाचशे, फुटीचे शंभर. खाणीवरचा भाव विचारून फार उपयोग नाही, जागेवर पडलेला भाव विचारावा, कारण शेवटचे सातशे मीटर ट्रॉलीने न्यावं लागतं आणि एक चिरा तीस किलोच्या वर असतो. चिरा हातात घेऊन बघावा: पिवळट शेडीचे डाग जास्त असतील तर तो पावसात झिजतो. ताजा चिरा मऊ असतो, उन्हा-वाऱ्यात महिनाभर पडू दिला की टणक होतो. बाहेरून गिलावा केला नाही, फक्त दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरल्या. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावतो. आणि सगळी जड वाहतूक ३१ मेच्या आत. त्या वाटेवर १० जूननंतर ट्रॉली रुतली की ती गणपतीतच निघणार. शिमग्याचे आठ-दहा दिवस आणि मेमधली लग्नं धरूनच गवंड्याचे दिवस मोजावेत.

विजेचा तक्ता असा बसला. दिवे २७० युनिटचे हजारावे भाग, म्हणजे वॅट-तास. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ६००, लहान फ्रिज ७००, फोन-लॅपटॉप-राउटर ३५०, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चाळीस मिनिटं ३७०, मिक्सर ६०. बेरीज २,३५०. इथपर्यंत सगळेच करतात. राहून जातो तो इन्व्हर्टर स्वतः. तीन केव्हीएचा इन्व्हर्टर काहीही न चालवता ४० वॅट खातो आणि चोवीस तासांत ९६० होतात. खरा आकडा ३,३१०.

जुलैत इथे भर उन्हाचे तास दिवसाला सरासरी अडीच धरले, तूट ३० टक्के. ५४० वॅटचे चार पॅनेल, २,१६० वॅट, म्हणजे ३,७८० वॅट-तास. सुरुवातीला तीनच पॅनेल ठरवले होते, पुरवठादाराने ते एका ओळीत जोडून १५० व्होल्टचा चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारं यंत्र) सुचवला. कागदावर बसतं: प्रत्येक पॅनेलचा मोकळा (काही न जोडता येणारा) दाब ४९.५ व्होल्ट, तीन मिळून १४८.५. पण हा आकडा २५ अंशांचा असतो. पॅनेल थंड झालं की दाब चढतो, अंशामागे सुमारे ०.२७ टक्के. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना तीनही मिळून १५२.५ व्होल्ट होतात आणि कंट्रोलर पहिल्याच थंडीत जळू शकतो. वॉरंटीही मिळत नाही. दोन-दोनच्या दोन ओळी केल्या, ९९ व्होल्ट, कंट्रोलर ६० अँपिअरचा, एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) प्रकारचा. ४८ व्होल्टच्या बॅटरीला एकटं पॅनेल भरू शकत नाही, म्हणून तिसरं सुटं जोडायचा मार्ग नव्हता. चौथं घ्यावंच लागलं, आणि पावसाळ्यात तेच कामाला आलं.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तास, हाती लागतात साधारण ४,२०० वॅट-तास. लेड ॲसिडच्या १५० च्या चार घेतल्या असत्या तर ७,२०० लिहिलेले असतात पण निम्म्याच्या खाली उतरवल्या की त्या तीन वर्षांत मरतात. सलग अंधारे दिवस आले, दिवसाला तासभरच ऊन, तर १,५०० येतात. तेव्हा फ्रिज बंद, विहिरीचा पंप बंद, एकच पंखा, रात्री झोपताना इन्व्हर्टरचं बटण बंद: गरज जवळपास तेवढीच उरते आणि गाडा चालतो. जनरेटर घेतला नाही. दुसऱ्या बॅटरीपेक्षा जास्तीचं पॅनेल स्वस्त, आणि रिकामी बॅटरी दोन असल्या तरी रिकामीच.

पॅनेल छपरावर न घालता जमिनीवर, दक्षिणेकडे १७ अंश कलून. धुता येतात आणि वादळात छपराला ओढत नाहीत. पॅनेल ते कंट्रोलर ४ चौरस मिमीची सोलर केबल, मध्ये डीसीचाच एमसीबी (आपोआप पडणारी कळ). घरगुती एसी एमसीबी तिथे लावला तर तोडताना आतला जाळ विझत नाही. अर्थिंग कातळात लागत नाही. पट्टी ३० मीटर ओढून मातीच्या भागात, बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) घालून खड्डा केला, कारण वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा इथेच कडाडतात. इन्व्हर्टरच्या झरोक्यांना बारीक जाळी. पाली आणि मुंग्या उबेला आत जातात आणि सर्किट जाळतात.

संडास दोन खड्ड्यांचा, एकेक मीटर व्यासाचा आणि तेवढाच खोल, मध्ये मीटरभर अंतर, आतून चिरे सांधे मोकळे ठेवून. एक भरला की दुसरा, पहिला दीड-दोन वर्षांनी खत म्हणून काढायचा. विहिरीपासून दहा मीटरचा नियम जांभ्यात पुरत नाही, कारण त्याच्यात भोकं आणि वाहत्या नळ्या असतात. आम्ही उताराच्या खालच्या अंगाला ३५ मीटरवर नेला. गोबरगॅसचा विचार सोडला: दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं. गॅसची टाकी आणि आंघोळीला बंब, जळण आपल्याच काजूच्या छाटणीचं.

काजू वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, सात मीटरवर, ४० झाडं. भाजीपाला मात्र उघड्यावर होत नाही. माकडांपुढे दोनच उपाय, वरूनही जाळी टाकलेला पिंजरा किंवा भाजी विकत घेणं. रानडुकरांसाठी सौर झटका-कुंपण घातलं, पण पावसात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, त्यामुळे खालची तार दर आठवड्याला मोकळी करावी लागते. डिसेंबरमध्ये हद्दीने चार मीटर रुंद गवत कापून जाळरेषा काढतो, वणवा फेब्रुवारीनंतर कधीही येतो. उरलेले चिरे घरापासून लांब रचले आहेत. फुरसं (विषारी साप) त्यांच्याच फटीत राहतं, आणि चिरा उचलण्याआधी तो पहारीने उलटवायचा असतो.